तात्यांची तबकडी

बिघडलेल्या वस्तूला दुरुस्त करणारा माणूस लागतो. आमच्या तात्यांचं उलट आहे. त्यांना बिघडलेली वस्तू लागते. चार दिवस घरात काही बंद पडलं नाही की ते अंगणात येरझाऱ्या घालतात, आमटीत मीठ कमी असल्याची शंका काढतात, आणि मग काकूच समजून उमजून म्हणतात, "अवो, मिक्सर आवाज करायलाय बगा." एवढ्यावर तात्यांची कळी खुलते. पुढचे दोन दिवस मिक्सर सतरंजीवर सुटा पडलेला असतो, काकू पाट्यावर वाटण वाटतात आणि घरात शांतता नांदते.

तात्या हे कुणा एकाचं नाव नव्हे. ही असामी गावोगाव असते. कुठं तिला नाना म्हणतात, कुठं आबा. या लेखापुरतं तिला तामलवाडीत बसवू आणि तात्या म्हणू. ओळखायची खूण म्हणजे शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर, आणि पार मेलेल्या यंत्राकडे बघून निघणारं वाक्य, "काय झालेलं न्हाई याला."

तामलवाडी सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर जवळपास मधोमध. पोलीस ठाणं आहे, टोलनाका आहे. रस्ता चौपदरी झाल्यापासून गाड्या नाक्यावर पैसे मोजतात आणि गावाकडे न बघता निघून जातात. बिघडलेली वस्तू सोलापूरला न्यायची आणि बिघडलेला माणूस तुळजापूरला आईच्या पायावर घालायचा, अशी इकडची जुनी वाटणी होती. तात्यांनी ती वस्तूंपुरती मोडीत काढली. ट्रान्झिस्टर, टेपरेकॉर्डर, सीडीवाले डेक, सगळं त्यांच्या सतरंजीवरून गेलं. बरंचसं परतही गेलं.

त्यांचा सुवर्णकाळ मात्र दुरुस्तीचा नव्हता. मोबाईलमध्ये मेमरी कार्ड बसायला लागलं तेव्हा तात्यांनी रस्त्याकडेच्या खोलीत एक कॉम्प्युटर आणून ठेवला आणि बाहेर पाटी लावली, 'गाणी भरून मिळतील'. दोन जीबीचं कार्ड घेऊन माणूस यायचा, दहा-वीस रुपये टेकवायचा आणि स्टुलावर बसायचा. पडद्यावर फोल्डरं: आराधी, कीर्तन, लग्न, जुनी, डीजे, आणि 'ट्रॅक्टर' नावाचं एक, ज्यात नांगरटीच्या आवाजावर मात करतील अशी गाणी. गिऱ्हाईक काय मागतं याला फारसा अर्थ नसे. कॉलेजच्या पोरानं नुसतं डीजे मागितलं तरी तात्या त्यात प्रल्हाद शिंद्यांची दोन गाणी सरकवायचे. "असू दे. कदीतरी लागत्यात." सांगवी, सावरगावकडच्या कुणाच्या खिशात कुठली गाणी आहेत हे तेव्हा तात्यांना तोंडपाठ होतं.

सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं. चार-सहा महिन्यांत स्टूल रिकामं पडलं. पाटी सध्या कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर म्हणून आहे. वाचता येते, पण खालून, म्हणजे कोंबड्यांना.

त्या सगळ्या गाण्यांचं काय झालं, तर ती आयपॉडात गेली. तात्यांचा पुतण्या पुण्याला हिंजवडीत आहे. त्यानं टचस्क्रीनचा फोन घेतला आणि आपला जुना आयपॉड, थोरल्याचा सदरा धाकट्याला यावा तसा, काकाला दिला. पांढरा दर्शनी भाग, आरशासारखी स्टीलची पाठ, मधोमध बोट फिरवायचं चाक. ३० जीबीचा, ज्यात व्हिडिओही दिसायचे तो. तात्यांनी व्हिडिओ कधी बघितला नाही. दुकानातलं आख्खं फोल्डर त्यात ओतलं आणि ते यंत्र मोज्यात घालून खुंटीला टांगलं.

आता एक गुपित. तात्या गाणी ऐकत नाहीत. मी त्यांना एक आख्खं गाणं शेवटपर्यंत ऐकताना पाहिलेलं नाही. पहिला आलाप संपायच्या आत ते पुढचं लावतात, तेही 'हाय का न्हाई' एवढं बघायला. गाणं कानाला लागत नाही त्यांना, गाठीला लागतं. पारावर कुणी म्हणालं की अमक्याच्या लग्नात बँडवाल्यानं काय वाजवलं होतं हो, की तात्यांचं उत्तर तयार, "हाय आपल्याकडं." समोरच्याला ते ऐकायचं नसतं, तात्यांना लावायचं नसतं, विषय तिथं संपतो आणि दोघंही समाधानी असतात. माझं स्वतःचं मत असं, की संग्राहक म्हणून ज्यांचे सत्कार होतात त्यातले निम्मे लोक तात्याच असतात. फक्त त्यांच्याकडे पाटी जाऊन काचेची कपाटं आलेली असतात.

आयपॉड खऱ्या अर्थानं वाजायचा तो आश्विनात. नवरात्रात आणि पुढं कोजागरीला सोलापूरकडून, कर्नाटकातून माणसं पायी तुळजापूरला निघतात. रात्रंदिवस रस्ता चालत असतो. आमच्या गावाच्या फाट्यावर पोरं मांडव घालतात, चहा, केळी, फराळ वाटतात, आणि कर्ण्याला वायर लावून तात्यांचा आयपॉड जोडतात. संबळ सुरू झाला की चालून चालून फोड आलेली माणसंसुद्धा दोन पावलं ठेक्यात टाकतात.

मधे एका वर्षी पोरांनी शहाणपणा केला. म्हणाली, तात्या, कशाला ती जुनी डबी, फोनवरून यूट्यूब लावू. लावलं. आराध्याच्या गाण्यात देवीला हाक गेली, कर्ण्याचा आवाज आसमंतात घुमला, आणि पुढच्या क्षणाला त्याच आवाजात एक बाई बनियनची जाहिरात करू लागली. परडी घेतलेली म्हातारी रस्त्यात थबकली. जाहिरात वगळायचं बटण दाबायला फोन ज्याचा तो पोरगा केळी आणायला गेला होता. त्या रात्री तात्यांनी मोज्यातून आयपॉड काढला, वायर जोडली आणि कुणालाही एक शब्द बोलले नाहीत. गरजच नव्हती.

तर असं हे यंत्र यंदा श्रावणात खुंटीवरून शहाबादी फरशीवर पडलं. पाठीला पोचा आला. चालू केलं तर आतून टक्‌, टक्‌, टक्‌ असा आवाज आणि पडद्यावर आयपॉडचंच एक छोटं चित्र, डोळ्यांच्या जागी फुल्या, तोंड पालथं. तात्यांनी ते कानाला लावलं, डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं. म्हटलं ना, गाणी ऐकत नाहीत. हे ऐकलं.

"तबकडी गेली," ते म्हणाले.

फाट्यावरच्या मोबाईलवाल्या पोरानं सुचवलं की तात्या, दुरुस्तीच्या पैशात नवा स्पीकर येतोय, पेनड्राईव्ह लागतंय त्याला. पुतण्यानं फोनवरून आणखी सोपं सांगितलं. सारेगामाचा कारवां घ्या काका, जुन्या रेडिओसारखा दिसतो, आत पाच हजार गाणी आधीच भरलेली. तात्यांनी तो प्रस्ताव शांतपणे ऐकून घेतला. "पर ती गाणी दुसऱ्यानं निवडल्यात की," ते म्हणाले. पुतण्याकडे याला उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

संध्याकाळी पारावर तात्यांनी आम्हाला तबकडी समजावली. आयपॉडाच्या पोटात कॉम्प्युटरात असते तशीच हार्डडिस्क, फक्त १.८ इंचाची. मिनिटाला ४,२०० फेरे. वर एक सुईएवढा हात, जो तबकडीला शिवत नाही, केसाहून कमी अंतर राखून तरंगतो. यंत्र पडलं की तो हात तबकडीवर आपटतो किंवा जागा विसरतो आणि मग टक्‌ टक्‌ करत तीच ती वाट शोधत बसतो. पण खरी कारागिरी पुढंच आहे, तात्या म्हणाले. ही तबकडी सारखी फिरत नाही. फिरली तर बॅटरी तासा-दोन तासांत बसेल. ती एकदा उठते, पुढची काही गाणी एका दमात उचलून ३२ एमबीच्या मेमरीत नेऊन ठेवते आणि निजते. आपण गाणं ऐकत असतो तेव्हा ती झोपलेली असते.

"म्हंजे सरपंचासारखी," मागून कुणीतरी म्हणालं.

"सरपंचानं निजायच्या आदी काय उचलून ठेवल्यालं दावा," तात्या म्हणाले आणि व्याख्यान पुढं चालू राहिलं.

मी त्यांना या तबकडीचा जन्म सांगितला, तो त्यांना फार भावला. तोशिबाच्या इंजिनियरांनी ही चिमुकली चकती बनवली तेव्हा तिचं करायचं काय हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. २००१च्या फेब्रुवारीत ॲपलचा जॉन रुबिनस्टाईन जपानात त्यांच्याकडे गेला असताना बोलता बोलता त्यांनी ती दाखवली, आणि त्याला उमगलं की आपण जे शोधतोय ते हेच. त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला पहिला आयपॉड जाहीर झाला. ५ जीबीचा, ३९९ डॉलर, हजार गाणी मावणारा. तात्या बराच वेळ मान डोलवत राहिले. त्यांच्या लोखंडी पेटीत कशाला उपयोगी पडतील हे माहीत नसलेल्या वस्तू ठासून भरल्या आहेत, आणि ही पेटी भंगारात द्या असं काकू दर दिवाळीला म्हणतात. "आपून नुस्तं सांभाळून ठेवायचं," तात्या म्हणाले. "इचारणारा येतोय एक दिवस जपानला." यंदाच्या दिवाळीत काकूंचं काही खरं नाही, हे मला तेव्हाच कळलं.

मग शोध सुरू झाला. आयपॉड स्टीलच्या डब्यात, डबा पिशवीत, पिशवी मांडीवर, एसटी सोलापूरला. जुन्या तुळजापूर नाक्यावर उतरून नवी पेठ, तिथून ज्यानं जे सांगितलं तिकडं. लॅपटॉपची अडीच इंची हार्डडिस्क सगळीकडे, साडेतीन इंची पाहिजे तेवढी. एक पूर्णांक आठ म्हटलं की दुकानदार पान थुंकायला बाहेर जायचे. एकानं डब्यात डोकावून विचारलं, "काका, ह्यात सिम कुठं टाकायचं?" तात्यांनी डबा मिटला. पुतण्यानं पुण्यात पासोड्या विठोबाजवळची दुकानं पालथी घातली, मुंबईच्या एका मित्राला लॅमिंग्टन रोडवर पिटाळलं. नकार.

चकतीवाला शेवटचा आयपॉड ॲपलनं २०१४च्या सप्टेंबरात विकायचा बंद केला. पुढच्याच महिन्यात टिम कुक यांना कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले की सुटे भाग मिळेनात, पृथ्वीच्या पाठीवर कुठंच मिळेनात. हे मी तात्यांना सांगितलं. सांत्वन व्हावं एवढाच हेतू. त्यांनी विचारलं, "सोलापुरात बगितलं व्हतं का त्यांनी?"

"नसेल बघितलं."

"मग?"

शेवटी पुतण्यानं मार्ग काढला. जगभरात तात्या आहेत, आणि त्यातल्या काहींनी एक छोटी पट्टी तयार केली आहे. हार्डडिस्कच्या जागी ती लावायची आणि तिच्यात मेमरी कार्ड खुपसायचं. यंत्राला वाटतं की चकतीच आहे. पुतण्यानं चिनी बनावटीची पट्टी मागवली, ६४ जीबीचं मायक्रो एसडी कार्ड घेतलं आणि कुरिअरनं धाडलं.

तात्यांनी पुडकं उघडलं आणि कार्ड चिमटीत धरून उजेडाकडे नेलं. ज्या कार्डांत वीस-वीस रुपयांना त्यांनी सगळ्या परिसराची गाणी भरली, आणि ती कार्डं गेल्यावर सगळं ज्या यंत्राच्या स्वाधीन केलं, त्या यंत्राच्या पोटात आता कार्डच बसणार होतं. मला वाटलं ते नाही म्हणतील. चकतीची घरघर तळहाताला लागली पाहिजे, त्याशिवाय यंत्र जिवंत कसं, असं त्यांचं आयुष्यभराचं तत्त्व. ते फक्त म्हणाले, "हे आपल्या वळकीतलं हाय."

शस्त्रक्रियेचा मुहूर्त रविवार सकाळचा. काकूंची भाकरीची परात मागून घेतली, कारण परातीला काठ असतो, काही घरंगळत नाही. भाकरी लांबली. पंखा बंद, पोरं बाहेर, मोबाईलवाला पोरगा उजेड धरायला. तात्यांनी चष्म्यावर चष्मा चढवला, यंत्र चारी बाजूंनी फिरवून बघितलं आणि हाताची घडी घालून बसले.

"स्क्रू कुठाय याला?"

बाहेरून एकही नाही. पांढरा पुढचा भाग आणि स्टीलची पाठ आतल्या आत कळ्यांनी अडकवलेली. ह्या गोष्टीचा तात्यांना जो राग आला तो मी विसरणार नाही. "ज्याला स्क्रू न्हाई त्याचा मालक तुमी न्हाई, सर. तुमी नुस्तं भाडेकरू." मग मोबाईलवाल्या पोरानं निळी प्लास्टिकची पत्ती पुढं केली. तात्यांनी ती फटीत घातली, हळूहळू सरकवली. एक कळी सुटली, टक्‌. दुसरी सुटली. तिसरीला पत्ती निसटली आणि तात्यांनी एक शब्द काढला जो आश्विनात काढत नाहीत. सुदैवानं भाद्रपद होता.

पाठ सुटली, पण ओढायची नाही. आत दोन चपट्या पट्ट्या पुढच्या भागाला बांधलेल्या असतात, एक बॅटरीची, एक हेडफोनच्या भोकाची. घाईनं पुस्तकासारखं उघडणारे इथंच संपतात. तात्यांनी श्वास धरून बॅटरीच्या पट्टीची बोटाच्या नखाएवढी खिट्टी वर केली आणि पट्टी सोडवली. पाठ बाजूला कलंडली. मधे तबकडी, कडांना निळ्या रबराच्या उशा. "बगा, लोळायला गादी दिलीया," तात्या कौतुकानं म्हणाले. तिच्या पट्टीची काळी खिट्टी नखानं उभी केली, पट्टी अलगद निघाली, आणि काडेपेटीहून जरा मोठी ती चकती त्यांच्या तळहातावर आली. तीस जीबी. सगळा गाव.

नवी पट्टी, तिच्यात कार्ड, खिट्टी आडवी. झालं. इतका वेळ फक्त उघडायला लागला होता. पण कार्ड असतं पातळ, त्यामुळं तबकडीची जागा मोकळी राहिली, आणि रिकामी जागा तात्यांना बघवत नाही. त्यांनी काकूंच्या भांडी घासायच्या नव्या स्पंजाचा तुकडा कापून आत बसवला. भाकरी आधीच लांबलेली होती. आता भांडीही लांबली.

यानंतरचं युद्ध कॉम्प्युटरशी झालं. नवी डिस्क लावली की आयपॉडाला आयट्यून्समधून पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागतं. शिवाय तो एका वेळी एकाच कॉम्प्युटरच्या संग्रहाला बांधलेला राहतो. दुसऱ्याला जोडायला गेलात की आधी विचारतो, आतलं सगळं पुसू का? तात्या पडद्याकडे बघत राहिले. "गाणी माजी, डबी माजी, आन् परवानगी हिची कशापायी?" पुतण्यानं फोनवरून एकेक बटण सांगितलं. डबी लागली. पडद्यावर ६४ जीबीच्या आसपासचा आकडा दिसला तेव्हा तात्यांनी काकूंना हाक मारली. काकू येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, "स्पंज आणा जाताना."

गाणी लोखंडी पेटीतून निघाली. दुकान बंद करताना त्यांनी सगळं डीव्हीडींवर उतरवून वर स्केचपेननं लिहून ठेवलं होतं. काहींवर ओरखडे, दोन-चार उंदरांनी वाचलेल्या. घटस्थापनेच्या आदल्या दिवसापर्यंत ते एकेक चकती घालत होते. गावात बातमी गेलीच होती आणि माणसं येऊन विचारत होती, आमचं ते आहे ना हो? प्रत्येकाचं काहीतरी त्या डबीत होतं, निदान तशी समजूत होती. कुणाच्या वरातीचं, कुणाच्या भावाच्या भारुडाचं. तात्या न बघता सांगत, "हाय आपल्याकडं." एका बाईंच्या सासूनं जात्यावर म्हटलेल्या ओव्या कुणीतरी नोकियाच्या फोनवर भरून घेतल्या होत्या. त्या डीव्हीडीवर नव्हत्या. नंतर थेट आयपॉडात गेलेल्या. डिस्क बदलून आतलं परत येत नाही हे तात्यांना पक्कं ठाऊक. त्या बाईंना ते म्हणाले, "जुन्या तबकडीत हाईत." हे खोटं नव्हतं. ती तबकडी आता तंबाखूच्या डबीत, डबी पेटीत, आणि डबीवर स्केचपेननं 'ओव्या'.

नवरात्रात डबी दहा दिवस वाजली. जाहिरात नाही, अडखळणं नाही, आणि चकतीच फिरायची नसल्यानं बॅटरीही पूर्वीपेक्षा जास्त टिकली. पोरांनी तात्यांना हार घातला. तात्या मात्र थोडे उदास होते. दर तासाला डबी कानाला लावून बघायचे. आत काहीच ऐकू येत नव्हतं.

कोजागरीच्या आदल्या रात्री मांडवात सोलापूरचा एक पोरगा चहाला थांबला. संबळावरचं गाणं संपेपर्यंत कप हातात घेऊन उभा राहिला.

"काका, हे गाणं कुठलं बे? यूट्यूबला सापडेना."

"यूट्यूबला नसतंय ते," तात्या म्हणाले. कित्येक वर्षांत त्यांचा आवाज एवढा खणखणीत लागला नव्हता.

"मग मला पाठवा की."

"पाठवायचं न्हाई, भरून देतो. वीस रुपये. कार्ड काड."

"कसलं कार्ड?"

"मेमरी कार्ड. फोनातलं."

"ह्यात कार्डाची जागाच नाही काका."

तात्यांनी फोन मागून घेतला. उलटा केला, सुलटा केला, कडेनं नख फिरवलं. मांडवाच्या उजेडात काच नुसती चमकली.

"मग हे उघडतंय कुठनं?"

"उघडत नाही."

"बिघडल्यावर?"

"नवा घ्यायचा."

तात्यांनी खिशातून निळी पत्ती काढली. "बस जरा हितं. बगू तर दे."

पोरानं फोन काढून घेतला, चहाचा कप तिथंच ठेवला आणि आई राजा उदो उदो करत जाणाऱ्या घोळक्यात शिरून तुळजापूरची वाट धरली, जवळजवळ पळतच. तात्या पत्ती घेऊन मांडवाच्या कडेपर्यंत गेले. "आरं, बॅटरी तर बदलू!" ते मागून ओरडले. "चाळीस टक्क्यावर आलिया बग ती!"